इंगल्स घराण्याची जमीन कुठे गेली? एका शेतकरी कुटुंबाच्या चार पिढ्या कशा वाचायच्या

एखाद्या घराण्याच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की आपण सगळ्यात आधी वंशावळ काढायला बसतो. आजोबा, पणजोबा, कोण कुठे जन्मलं, कोणाचं लग्न कोणाशी झालं. सिनॉप्सिसमध्ये ती छान दिसते आणि गाईडही खूश होतात. पण शेतकरी कुटुंबाचा अभ्यास करताना वंशावळीने फारसं काही उलगडत नाही. तिथे जमिनीच्या मागे जावं लागतं. कोणत्या पिढीकडे किती जमीन होती, ती कशी आली, कशी गेली, आणि गेली तेव्हा घरात काय चाललं होतं, हे विचारावं लागतं.

हे नीट समजावं म्हणून आज एक परदेशी उदाहरण घेतो. अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं, म्हणजे विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा, डकोटा या मधल्या पट्ट्यातलं इंगल्स कुटुंब. यातली लॉरा इंगल्स वाइल्डर ही ‘लिटल हाऊस’ या गाजलेल्या बालपुस्तकांची लेखिका. 1932 ते 1943 या काळात तिची आठ पुस्तकं आली. 1974 पासून त्यावर टीव्ही मालिका झाली आणि ‘पायोनियर कुटुंब’ म्हटलं की अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर हेच कुटुंब उभं राहू लागलं. बाप हातात कुऱ्हाड आणि खांद्यावर बंदूक घेऊन गवताळ माळावर घर बांधतो, कोणाकडे काही मागत नाही, आणि संध्याकाळी व्हायोलिन वाजवतो.

उदाहरण म्हणून हे कुटुंब मला आवडतं, कारण त्याच्याबद्दल दोन प्रकारचं साहित्य मिळतं. एक, घरातल्याच माणसाने लिहिलेली गोष्ट. दुसरं, जनगणना, जमिनीचे दाखले, गहाणखतं, मदतीचे अर्ज अशी सरकारदरबारची कागदपत्रं. दोन्ही शेजारी ठेवली की जे दिसतं, ते संशोधन पद्धतीच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

आधी जमिनीचा पत्ता वाचायला शिका

आपल्याकडे गट नंबर असतो, तसा तिकडे चौकोन असतो. 1785 च्या कायद्याने अमेरिकेने पश्चिमेकडच्या जमिनीची मोजणी सुरू केली. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिचे 36 भाग, प्रत्येक भाग म्हणजे सेक्शन 640 एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा 160 एकर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने हाच चौथा हिस्सा जवळपास फुकट द्यायला सुरुवात केली. फी मिळून साधारण 18 डॉलर भरायचे, पाच वर्षं राहायचं, कसायचं, घर बांधायचं आणि मग साक्षीदार आणून ते सिद्ध करायचं.

चार्ल्स इंगल्सने 1880 मध्ये डकोटात दे स्मेट गावाजवळ घेतलेल्या जमिनीचा पत्ता असा: सेक्शन 3 चा ईशान्य चतुर्थांश, टाउनशिप 110 उत्तर, रेंज 56 पश्चिम. एवढं वाचता आलं की तुम्ही नकाशावर त्या शेतात बोट ठेवू शकता, शेजारी कोण होते ते काढू शकता, आणि ती जमीन आधी व नंतर कोणाच्या नावावर होती तेही बघू शकता. होमस्टेड सिद्ध करतानाची फाईल तर सोनंच असते. घर केवढं, किती एकर नांगरली, मधे किती काळ घर सोडून गेलात आणि का, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. शपथेवर दिलेली उत्तरं आहेत म्हणून ती खरीच असतील असं नाही. पण कोणता प्रश्न विचारला गेला हे तरी पक्कं कळतं.

पहिली पिढी पुस्तकात नाही

लॉराची गोष्ट विस्कॉन्सिनच्या जंगलातल्या लाकडी घरापासून सुरू होते. कुटुंबाची भटकंती मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. आजोबा लॅन्सफर्ड इंगल्स न्यूयॉर्क राज्यातून 1840 च्या दशकात इलिनॉयला आले, तिथून विस्कॉन्सिनमधल्या जेफरसन परगण्यात. तिथली जमीन गहाण पडली आणि हातची गेली. मग सगळं खटलं उत्तरेला पेपिनच्या बाजूला सरकलं. म्हणजे ‘बापाला पश्चिमेची ओढ होती’ असं जे पुस्तकातून आपल्या मनावर ठसतं, त्याच्या एक पिढी आधी एक थकलेलं कर्ज आहे.

आता नात्यांचं बघा. चार्ल्सचं लग्न कॅरोलिन क्वाइनरशी झालं, 1860 मध्ये. चार्ल्सच्या बहिणीचं लग्न कॅरोलिनच्या भावाशी, आणि चार्ल्सच्या भावाचं कॅरोलिनच्या बहिणीशी. आपल्याकडे याला सरळ साटंलोटं म्हणतात! दोन शेजारी घरांत तीन सोयरिकी. पेपिनजवळची 160 एकर जमीन चार्ल्सने 1863 मध्ये एकट्याने घेतली नव्हती; मेहुण्याबरोबर भागीत घेतली होती. पुढे 1876 मध्ये मिनेसोटातलं शेत सुटलं तेव्हा हे कुटुंब उन्हाळाभर राहिलं ते चार्ल्सच्या भावाकडे. पुस्तकांत मात्र आई, बाप आणि मुली असं एकच सुटं कुटुंब अफाट माळावर दिसतं.

इथे एक सूचना. तुमचा अभ्यासविषय ‘कुटुंब’ असेल, तर कुटुंब म्हणजे नेमकं कोण, हे पहिल्या प्रकरणातच ठरवा. एका चुलीवर जेवणारे? एका खात्यावर नाव असणारे? की अडीनडीला ज्यांच्या दारात जाता येतं ते? इंगल्सच्या बाबतीत या तीन व्याख्यांनी तीन वेगळे इतिहास तयार होतात.

कॅन्ससची दोन वर्षं, आणि जमीन मुळात कोणाची

1869 ते 1871 या काळात हे कुटुंब कॅन्ससमध्ये, इंडिपेन्डन्स गावाजवळ होतं. ‘लिटल हाऊस ऑन द प्रेअरी’ हे 1935 चं पुस्तक याच काळाचं. पुस्तकात ते घर गावापासून चाळीस मैलांवर आहे. प्रत्यक्षात ते तेरा-चौदा मैलांवर असल्याचं पुढे अभ्यासकांनी जनगणनेच्या आधारे दाखवलं. लॉरा तेव्हा दोन ते चार वर्षांची होती. पुस्तकांच्या क्रमात ती मोठी दाखवली आहे, आणि आपल्याला वाटतं की हे तिला आठवतंय. खरं तर ती घरात ऐकलेल्या गोष्टी लिहीत होती. 1933 मध्ये ती आणि तिची मुलगी रोझ त्या जागेच्या शोधात ओक्लाहोमात फिरल्या होत्या. म्हणजे त्या राज्यच चुकीचं धरून चालल्या होत्या.

मौखिक इतिहासावर काम करणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. सांगणारी व्यक्ती खोटं बोलत नसते. पण तिने स्वतः पाहिलेलं आणि तिला सांगितलं गेलेलं, यांच्यातली सीमा तिची तिलाही दिसत नसते. मुलाखतीत ‘तेव्हा तुमचं वय काय होतं?’ हा प्रश्न म्हणूनच विचारायचा.

पण अंतरापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. ज्या जमिनीवर चार्ल्सने घर बांधलं ती ओसेज लोकांची राखीव जमीन होती. तिथे वस्ती करायचा त्याला कायद्याने अधिकारच नव्हता, आणि तिथे होमस्टेड कायदाही लागू नव्हता. 1870 च्या जनगणनेत या कुटुंबाची नोंद आहे. स्थावर मालमत्तेच्या किमतीचा रकाना मात्र रिकामा आहे. का, तर जमीन त्यांची नव्हती. संशोधनात रिकामा रकाना म्हणजे माहिती नाही असं समजून आपण पुढे जातो. इथे तो रिकामा रकानाच सगळ्यात मोठी माहिती देतो.

पुस्तकात शेवटी बातमी येते की सरकार वसाहतवाल्यांना सैनिक पाठवून हुसकणार आहे, आणि बाप रागाने गाडी जुंपतो. कागद वेगळं सांगतात. जुलै 1870 मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला. ओसेजना दक्षिणेला, आजच्या ओक्लाहोमात हलवायचं आणि त्यांची जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने विकायची, असं त्यात ठरलं. म्हणजे हुसकले गेले ते ओसेज. वसाहतवाल्यांना तर खरेदीची संधी मिळाली. मग इंगल्स का निघाले? एक साधं कारण कागदांतून दिसतं. विस्कॉन्सिनची जमीन ज्याने घेतली होती त्याचे हप्ते थकले, आणि ती परत इंगल्सकडे आली. तिकडे हातात शेत होतं, इकडे एकरी सव्वा डॉलर उभा करायचा होता. माणूस काय करेल?

दोन्ही हकिकती शेजारी ठेवून बघा. एकीत कुटुंबावर सरकारने अन्याय केला. दुसरीत त्याच सरकारने दुसऱ्या एका समाजाला हलवून या वसाहतवाल्यांसाठी जागा मोकळी केली. पुस्तक आलं त्या 1935 च्या अमेरिकेत पहिली हकिकत लोकांना फार भावणारी होती. मिनेसोटाच्या शेताचंही असंच आहे, बरं का. वॉलनट ग्रोव्हच्या भागातली जमीन डकोटा लोकांकडून 1851 च्या तहाने घेतलेली होती आणि 1862 च्या युद्धानंतर डकोटांना राज्याबाहेर घालवलं गेलं. चार्ल्स तिथे पोचला 1874 मध्ये. बारा वर्षांचं अंतर फक्त.

त्यामुळे ‘पायोनियर’ या शब्दाला मी तरी नेहमी एक प्रश्न जोडतो: पहिले, पण कोणाच्या नंतरचे?

टोळधाड आणि दोन अर्धी पिंपं पीठ

वॉलनट ग्रोव्हला आधी ते ओढ्याच्या काठात खणलेल्या घरात राहिले. मग फळ्यांचं घर बांधलं, बहुधा गव्हाच्या येणाऱ्या पिकाच्या भरवशावर. आणि टोळ आले. मिनेसोटात 1873 ते 1877 अशी सलग पाच वर्षं टोळधाड होती. 1875 मध्ये नेब्रास्कातून पाहिलेल्या एका थव्याचा विस्तार 1,98,000 चौरस मैल असल्याचा अंदाज तेव्हा केला गेला होता. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ साधारण 1,19,000 चौरस मैल आहे, यावरून कल्पना करा. गंमत म्हणजे ही टोळाची जात पुढे तीस वर्षांच्या आत नामशेष झाली. शेवटचा जिवंत नमुना 1902 मध्ये मिळाला. जिने हजारो कुटुंबं उठवली, ती जातच उरली नाही.

राज्य सरकारची मदत होती, पण अटीवर. मदत हवी असेल तर आपल्याकडे काहीही साधन नाही असं लिहून द्यायचं. 30 नोव्हेंबर 1875 ला चार्ल्स इंगल्सने असं लिहून दिलं आणि दोन अर्धी पिंपं पीठ घेतलं. किंमत 5.25 डॉलर. त्याच महिन्याच्या 1 तारखेला घरात मुलगा जन्मला होता. पुस्तकात ना तो कागद आहे, ना तो मुलगा. ते मूल पुढच्या ऑगस्टमध्ये गेलं. जुलै 1876 मध्ये ओढ्याकाठची 172 एकर जमीन 400 डॉलरला विकली गेली होती. नंतरचं वर्ष आयोवातल्या बर ओक गावी हॉटेलात काम करण्यात गेलं. लॉराच्या ‘पायोनियर गर्ल’ या मूळ आत्मकथनात ते घरभाडं थकल्यामुळे रात्रीतून निघून गेल्याची हकिकत आहे. बालपुस्तकांच्या मालिकेत आयोवाचं हे अख्खं वर्षच गाळलं आहे. ‘पायोनियर गर्ल’ 1930 मध्ये लिहून झालं, तेव्हा कोणी छापलं नाही, आणि शेवटी 2014 मध्ये टीपांसह प्रसिद्ध झालं. अभ्यासकाला मालिकेइतकंच, खरं तर तिच्यापेक्षा जास्त, ते उपयोगी आहे.

मला हा पिठाचा कागद फार महत्त्वाचा वाटतो. तो ‘पुरावा’ आहे म्हणूनच नाही, तर तो गाळला गेला म्हणून. कुटुंबाच्या आठवणीतून काय गळतं, त्याला एक पद्धत असते. गरिबी गळत नाही. गरिबीच्या गोष्टी तर अभिमानाने सांगितल्या जातात. हात पसरल्याची आठवण गळते. आपल्याकडेसुद्धा ‘आम्ही कोंड्याचा मांडा करून दिवस काढले’ हे सांगतील, पण दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण गेलं होतं ते सहज सांगणार नाहीत.

थोरली मेरी 1879 मध्ये आंधळी झाली. पुस्तकात कारण आहे स्कार्लेट फीवर. 2013 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखाने लॉराची पत्रं आणि त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांतल्या नोंदी तपासून मेंदूज्वराचा एक प्रकार असण्याची शक्यता दाखवली. पुढे मेरी आयोवात अंधांच्या शाळेत शिकली आणि तिची फी डकोटा टेरिटरीच्या सरकारने भरली. बापाची रेल्वेतली नोकरी, होमस्टेडची जमीन, पीठ, मुलीची शाळा, सगळीकडे सरकार किंवा सरकारने पोसलेली रेल्वे आहे. याने या माणसांचे कष्ट कमी होत नाहीत. पण ‘एकट्याच्या बळावर’ हे वाक्य तुमच्या प्रबंधात जाणार असेल, तर आधी कागद बघा.

जमीन मिळाली, मग सोडली का?

चार्ल्सने दे स्मेटची जमीन 1886 मध्ये सिद्ध केली. या जमिनीची पक्की मालकी आली, तेव्हा तो पन्नाशीचा होता. आणि साधारण वर्ष-दीड वर्षात कुटुंब गावात राहायला गेलं. 1892 मध्ये शेत विकलं. तो सुतारकाम आणि इतर कामं करत राहिला आणि 1902 मध्ये वारला. मग कमावलं ते कशासाठी, असं वाटेल. पण मुलगा नव्हता, पाऊस दगा देत होता, वय झालं होतं. शिवाय फुकट जमीन म्हणजे फुकट शेती नव्हे. बैल, नांगर, बियाणं, विहीर आणि दोन वर्षं खायला धान्य, हे कुठल्याच कायद्याने दिलं नव्हतं.

लॉरा आणि अल्मान्झो वाइल्डर यांचं 1885 मध्ये लग्न झालं. त्यांचीही तीच कथा, अधिक वेगाने: घटसर्प, नवऱ्याच्या पायांवर परिणाम, बाळाचा मृत्यू, घराला आग, दुष्काळ, कर्ज. 1894 मध्ये ते मिसूरीत मॅन्सफील्डला गेले आणि 40 एकरांपासून सुरुवात केली. गहू नाही, सफरचंदं, कोंबड्या, दूधदुभतं. शिवाय गावात नोकरी. हे शेत पुढे सुमारे 200 एकरांवर गेलं, आणि याच पिढीत हे कुटुंब एका जागी टिकलं. लॉरा कित्येक वर्षं तिथल्या शेतकरी कर्ज संस्थेची सचिव होती आणि संघराज्य सरकारच्या योजनेतली कर्जं शेतकऱ्यांना मिळवून देत होती. मिश्र उत्पन्न हे या टिकण्यामागचं मोठं कारण, असं माझं मत.

एक घराणं म्हणजे सगळा समाज नव्हे, हे तुम्ही म्हणालच. बरोबर. म्हणून अशा अभ्यासाला मोठ्या अभ्यासांची जोड लागते. जेम्स मॅलिनने 1935 मध्ये कॅन्ससच्या शेतकऱ्यांच्या नोंदी दशकामागून दशक जुळवून पाहिल्या. मर्ल कर्टीने 1959 च्या पुस्तकात विस्कॉन्सिनच्या ट्रेम्पेलो परगण्यावर तेच केलं. दोघांनाही दिसलं ते हे की नव्या वस्तीतली बरीच कुटुंबं पुढच्या जनगणनेपर्यंत तिथून गेलेली असतात. परगण्याचे गौरवग्रंथ मात्र राहिलेल्यांनी लिहिलेले असतात. गेलेले लोक लिहायला तिथे नव्हतेच. तुमच्या गावाचा इतिहास लिहिताना फक्त गावात असलेल्यांच्या मुलाखती घ्याल, तर हाच घोळ होणार.

आणि काही घराणी टिकली, ती का? सोनिया सॅलमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी इलिनॉयमधल्या शेतकरी कुटुंबांवर 1992 मध्ये ‘प्रेअरी पॅट्रिमनी’ हे पुस्तक लिहिलं. जर्मन वंशाची कुटुंबं जमिनीकडे घराण्याची ठेव म्हणून बघतात, पुढच्या पिढीला ती देणं हेच यश मानतात. यँकी कुटुंबं शेतीला धंदा मानतात, भाव आला तर विकतात, अशी त्यांची मांडणी आहे. इंगल्स घराणं न्यू इंग्लंडकडून आलेलं, पक्कं यँकी. मांडणी फिट बसते असं वाटतं. पण जरा थांबा. लॅन्सफर्डची जमीन कर्जाने गेली, चार्ल्सची एक टोळांनी. संस्कृतीचं स्पष्टीकरण द्यायच्या आधी हिशोब तपासायचा, हा क्रम पाळा. नाहीतर ‘त्यांची वृत्तीच तशी’ या वाक्यावर प्रकरण संपतं आणि व्हायव्हाला अडकायला होतं.

चौथ्या पिढीच्या हातात काय आलं

रोझ वाइल्डर लेन पत्रकार आणि लेखिका होती. आईच्या हस्तलिखितांवर तिने भरपूर हात फिरवला. किती, यावर वाद आहे. विल्यम होल्ट्झ यांनी 1993 च्या चरित्रात तिला जवळपास खरी लेखिका ठरवलं. हस्तलिखितं पाहिलेल्या इतर अनेक अभ्यासकांना हे पटत नाही. रोझ सरकारी मदतीच्या धोरणाची कडवी विरोधक होती. 1943 मध्ये तिने व्यक्तिस्वातंत्र्यावर पुस्तकही लिहिलं. पिठाचा कागद मालिकेत का नाही, याचं सगळं उत्तर रोझच्या राजकारणात शोधू नका. लॉराला स्वतःलाही ते लिहायचं नसेल. पण तिसऱ्या पिढीचा अनुभव चौथ्या पिढीच्या विचारांतून गाळून आपल्यापर्यंत आला आहे, एवढं नक्की. कॅरोलिन फ्रेझर यांचं ‘प्रेअरी फायर्स’ हे चरित्र, ज्याला 2018 चं पुलित्झर मिळालं, ते मुख्यतः याच गाळणीवर आहे. जमलं तर पूर्ण वाचा. तळटीपा तर नक्कीच.

लॉरा 1957 मध्ये वारली, रोझ 1968 मध्ये. रोझचं एकुलतं मूल जन्मताच गेलं होतं. लॉराच्या बहिणींनाही मुलं नव्हती. म्हणजे चार्ल्स आणि कॅरोलिनचा वंश तिथेच थांबला. दे स्मेटची आणि मॅन्सफील्डची शेतं आज पर्यटक बघतात. वारसा म्हणून खरी किंमत उरली होती ती पुस्तकांच्या कॉपीराईटला. लॉराच्या मृत्युपत्रात तो रोझच्या हयातीनंतर मॅन्सफील्डच्या वाचनालयाला जायचा होता. प्रत्यक्षात तो रोझचा वारस रॉजर मॅकब्राइड याच्याकडे गेला. हा 1976 मध्ये लिबर्टेरियन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिलेला गृहस्थ. 1995 मध्ये तो वारल्यावर वाचनालय कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोड झाली. रोझचे कागद आयोवात वेस्ट ब्रँच इथल्या हर्बर्ट हूवर अध्यक्षीय ग्रंथालयात आहेत, चार्ल्सची होमस्टेड फाईल राष्ट्रीय अभिलेखागारात, आणि जमिनीचे मालकीदाखले सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतात. सेक्शन 3, टाउनशिप 110, रेंज 56 टाकून बघा. वाचायची सवय तिथूनच लागेल.